आईला आमवात आहे, मग झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी माझा धोका खरंच कमी होतो का?

मोगरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, शेवटी आज लिहिते.

माझ्या आईला (वय ६३) चौदा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो. सुरुवातीला सकाळी बोटं वळायची नाहीत, दुधाची पिशवी कात्रीने कापता यायची नाही, कणीक मळायला बसली की डोळ्यात पाणी यायचं. आम्ही सगळे "वय झालं, संधिवात असेल" म्हणत तेल चोळत राहिलो आणि त्यात दीड वर्ष गेलं. रक्त तपासून निदान झालं तोवर उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलायला लागली होती. ते दीड वर्ष आठवलं की आजही मला झोप लागत नाही.

आता मी ३८ ची आहे. गेले तीन महिने सकाळी उठल्यावर हात जरा आखडल्यासारखे वाटतात, दहाएक मिनिटांत मोकळे होतात. हे मावशीला बोलले आणि चुकले, कारण मावशी पुढच्याच आठवड्यात गोळ्यांचा डबा घेऊन आली. झिंक ५० मिग्रॅ, सेलेनियम, मॅग्नेशियम आणि एक "ट्रेस मिनरल" म्हणून थेंब. तिचं म्हणणं असं की शरीरात मिनरल कमी पडली की इम्युनिटी बिघडते आणि मग ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते, आईला वेळेवर दिली असती तर तिला हे झालंच नसतं. महिन्याचा खर्च बावीसशे रुपये. आईसाठी तांब्याचं कडंही आणलंय. मावशीचा जीव आहे आमच्यावर, त्यात शंका नाही, पण "आईला वेळेवर दिली असती तर" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर प्रश्न साधा आहे. आपण जे खातो त्यातल्या खनिजांचा, म्हणजे झिंक, लोह, तांबं, सेलेनियम, कॅल्शियम, मीठ वगैरे, हा आजार होण्याशी काही संबंध आहे का? झालेल्या माणसाला काय द्यावं ते आमचे डॉक्टर सांगतातच. मला होण्याआधीचं हवंय. कुणी या विषयातलं असेल तर कृपया लिहा.

---

गावरान_थाळी

ताई, आईच्या तब्येतीसाठी शुभेच्छा. मी डॉक्टर नाही पण संबंध असणारच असं मला वाटतं. आधी लोक ज्वारी बाजरी नाचणी खायचे, लोखंडी तवा, तांब्याचा हंडा, त्यामुळे सगळी खनिजं मिळायची आणि असले आजार नव्हते. आता सगळं पॉलिश केलेलं. माझ्या आजीला नव्वदीपर्यंत काही झालं नाही.

---

उजनीकाठ

गावरान_थाळी, ज्वारी-बाजरी खावी याला माझं अनुमोदन आहे पण "आधी नव्हते" हे तेवढं खरं नाही. मी भिगवणजवळचा. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने आमच्या भागात घरोघरी फिरून सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली होती, जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेला कोपकॉर्ड नावाचा कार्यक्रम होता तो. मी शाळेत होतो, आमच्या आळीत आलेले लोक आठवतात. मोठ्या माणसांत साधारण १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं आणि आरए (म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जवळपास अर्ध्या टक्क्याला. म्हणजे दोनशे माणसांत एक. ही सगळी खेड्यातली माणसं, रोज भाकरी खाणारी, रानात राबणारी. हरियाणातल्या बल्लभगडच्या पाहणीत तर ०.७५ टक्के निघाला होता. आजार तेव्हाही होता, फक्त त्याला नाव नव्हतं. आमच्याकडे अशा बायकांना "हात वाकडे झालेली म्हातारी" एवढंच म्हणायचे, औषध कुणी विचारलंच नाही.

---

लॅबवाली_रेणू

मोगरी, मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे मावशींच्या म्हणण्यात गडबड कुठे होतेय ते मला समोर दिसतं. जरा सविस्तर लिहिते.

आरएच्या पेशंटचं रक्त तपासलं तर बहुतेकदा झिंक कमी दिसतं, सेलेनियम कमी दिसतं, लोह कमी दिसतं आणि तांबं मात्र वाढलेलं दिसतं. हे खरं आहे आणि अनेक ठिकाणी सापडलंय. यावरून लोक सरळ म्हणतात की बघा, झिंक कमी होतं म्हणून आजार झाला. पण अंगात सूज पेटली की शरीर स्वतःच खनिजांची उचल-ठेव करतं. झिंक रक्तातून काढून लिव्हरमध्ये नेऊन ठेवतं. लिव्हर सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रोटीन जास्त बनवायला लागतं, त्याच्याबरोबर तांबं फिरतं, म्हणून तांबं वाढलेलं दिसतं. आणि आयएल-६ नावाचा जो सुजेचा निरोप्या आहे तो हेप्सिडिन वाढवतो, हेप्सिडिन आतड्यातून लोह आत येण्याचा रस्ता बंद करतं आणि साठवलेलं लोह पण अडवून धरतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं आणि तरी फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं मोजमाप) नॉर्मल किंवा जास्त येतं. कितीतरी बायका असा रिपोर्ट घेऊन लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खातात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, मग सूज आटोक्यात आली की आपोआप चढायला लागतं.

म्हणजे घराला आग लागल्यावर विहिरीचं पाणी खाली गेलं तर पाणी कमी होतं म्हणून आग लागली असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. आजारी माणसाच्या रक्तावरून आजाराआधीच्या ताटाचा हिशोब लागत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. अँटी सीसीपी आणि आरए फॅक्टर ही जी आपल्याच शरीराविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात ती दुखणं सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडू शकतात. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचं जुनं साठवलेलं रक्त तपासून हे दाखवलं गेलंय. त्यामुळे "आजार व्हायच्या दोन वर्षं आधी रक्तात अमुक कमी होतं" हेही पुरेसं नाही, कारण आत आजार तेव्हाच सुरू झालेला असू शकतो.

---

मोगरी

रेणूताई, वाचून डोकं जरा शांत झालं. म्हणजे आईचं झिंक निदानाच्या वेळी कमी आलं होतं (फाईलमध्ये आहे, मावशी तेच दाखवते) ते आजारामुळेही असू शकतं?

---

लॅबवाली_रेणू

हो. त्या एका आकड्यावरून आधीचं काहीच सांगता येत नाही. त्या दिवशी सीआरपी (अंगातल्या सुजेचं मोजमाप) किती होतं ते बघा, बहुतेक चढलेलं असेल.

---

मोगरी

४८. नॉर्मल पाचपर्यंत.

---

आकडेमोड

आरोग्याच्या अभ्यासांची आकडेवारी तपासणं हे माझं रोजचं काम आहे म्हणून लिहितो, लांब होईल.

रेणूताईंनी सांगितलेली अडचण टाळायची तर एकच मार्ग, निरोगी माणसं घ्यायची, ती काय खातात ते आधी लिहून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. असे मोजकेच अभ्यास आहेत.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८६ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या २९,३६८ बायकांची माहिती घेतली आणि ११ वर्षं पाठपुरावा केला. १५२ जणींना आरए झाला. त्यात गोळीतून झिंक घेणाऱ्या बायकांमध्ये प्रमाण बरंच कमी दिसलं, तांबं आणि मँगनीजबाबतही थोडा तसाच कल होता. मावशींच्या गोळ्यांच्या डब्यामागचं मूळ बहुधा इथे आहे, कारण गोळ्या विकणारे हाच अभ्यास दाखवतात. पण १५२ चे तीन गट पाडले की एकेका गटात किती जणी उरतात बघा, चार-पाच जणी इकडच्या तिकडे झाल्या की चित्र पालटतं. आणि ऐंशीच्या दशकात झिंकची गोळी स्वतःहून विकत घेणारी बाई सिगरेट, व्यायाम, भाजीपाला, डॉक्टरकडे जाणं या सगळ्यातच वेगळी असते. हिशोबात ते वजा करायचा प्रयत्न होतो पण पूर्ण वजा कधीच होत नाही.

लोहाचं बघायचं तर अमेरिकन नर्सेसचा अभ्यास आहे, ८२,०६३ बायका, १९८० ते २००२, आरएच्या ५४६ केसेस. प्रोटीन, मांस, मासे, लोह, कशाचाच संबंध सापडला नाही. हा अभ्यास आयोवापेक्षा खूप मोठा आहे पण याबद्दल कुणी बोलत नाही कारण "काही सापडलं नाही" यावर काही विकता येत नाही.

कॅल्शियमवर तर याच्याही पुढची गोष्ट झालीय, प्रत्यक्ष प्रयोग. पाळी गेलेल्या तीस हजारांहून जास्त अमेरिकन बायकांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. काही वर्षांनी मोजलं तर आरए होण्यात फरक नाही. हाडांसाठी कॅल्शियम लागतंच, तो विषय वेगळा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, ड जीवनसत्त्वाचा डोस मोठा असलेल्या एका नंतरच्या प्रयोगात (२५,८७१ लोक, रोज २००० युनिट, पाच वर्षं, २०२२ मध्ये प्रसिद्ध) सगळे ऑटोइम्यून आजार (ज्यात शरीर स्वतःवरच उठतं) मिळून २२ टक्क्यांनी कमी झाले. पण ते सगळे मिळून, आणि ड जीवनसत्त्व हे खनिज नाही.

सेलेनियम: फिनलंडच्या जमिनीत सेलेनियम फारच कमी होतं. तिथल्या एका जुन्या अभ्यासात कमी सेलेनियम असलेल्यांना एका प्रकारचा आरए (ज्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह असतो) जास्त झालेला दिसला होता. जमिनीतली ही उणीव भरायला १९८४ पासून त्यांनी खतातच सेलेनियम घालायला सुरुवात केली. पण भारतात सरसकट तशी परिस्थिती नाही, उलट पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात काही शेतांमध्ये ते जास्त आहे, इतकं की जनावरांचे खूर आणि माणसांची नखं-केस गळतात. त्यामुळे फिनलंडची गोळी इथे आणून खायला काही आधार नाही.

---

शुभदा_नाशिक

पण मला झिंकने फरक पडलाय! आरए आहे सहा वर्षं, झिंक सुरू केल्यावर महिन्याभरात हातांची सूज कमी झाली. अनुभव खोटा कसा म्हणायचा?

---

आकडेमोड

शुभदाताई, अनुभव खोटा अजिबात नाही. तुम्हाला बरं वाटलं याचा आनंदच आहे. फक्त हा आजार स्वतःच चढ-उतार करतो, आणि आपण नवीन काहीतरी सुरू करतो ते नेमकं सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे नंतर उतार येतोच. १९७६ साली सिमकिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी २४ पेशंटवर झिंक सल्फेटचा प्रयोग केला होता, १२ आठवडे, आणि चांगला गुण आला होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, खूप आशा निर्माण झाली. नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तसा गुण येईना. म्हणून आज कुठल्याही उपचारात झिंक मुख्य औषध नाही. तुम्ही मुख्य औषधं सोडली नाहीत ना एवढंच विचारतो.

---

शुभदा_नाशिक

नाही नाही, मेथोट्रेक्सेट (आरएचं मुख्य औषध) चालू आहे. खरं सांगायचं तर त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याचा डोसही वाढवला होता. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

---

पारिजात

मीही पेशंट, नऊ वर्षं. दोनच गोष्टी सांगते कारण यात लोकांचं नुकसान होताना डोळ्यांनी बघितलंय.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी रोज घेतलं, तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी उतरल्या, आयसीयूत गेल्या. वाचल्या. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे या मिनरलच्या गोळ्या एकत्र गिळू नका. कॅल्शियम किंवा लोह थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर थायरॉइडची गोळी नीट लागू होत नाही, चार तासांचं अंतर हवं. मॅग्नेशियमवालं अँटासिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (हेही आरएचं औषध) यांच्यातही तसंच. आणि झिंक ५० मिग्रॅ रोज महिनोन्‌महिने खाल्लं तर शरीरातलं तांबं उतरतं, त्यातून रक्त कमी होतं, पायात मुंग्या येतात. मोगरी, आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बाईमाणसाला दिवसाला १३.२ मिग्रॅ झिंक सांगितलंय, ते पण जेवणातून धरून. तुझ्या मावशीची गोळी त्याच्या जवळपास चौपट आहे.

---

कोरडवाहू

शेतीखात्यात होतो, आता निवृत्त. खनिज म्हटलं की मी मातीतून सुरुवात करतो.

आपल्या देशातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमिनीत झिंकची कमतरता आहे, महाराष्ट्रातही मोठा पट्टा त्यात येतो. जमिनीत नाही तर दाण्यात कुठून येणार. शिवाय ज्वारी-बाजरी-गहू-डाळीत फायटेट असतं, ते झिंक आणि लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात सुटू देत नाही. म्हणजे भाकरी खाल्ली म्हणून सगळं अंगी लागलं असं नाही. पण आपल्या बायकांनी यावर उपाय कधीच काढून ठेवलेत, मटकी-हुलग्याला मोड आणायचे, आंबील रात्री भिजवायची, इडली-ढोकळ्याचं पीठ आंबवायचं. मोड आले की आंबवलं की फायटेट तुटतं. वर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवल्याजेवल्या चहा नको, चहा लोह अडवतो.

बाजरीचं 'धनशक्ती' वाण २०१२ मध्ये आपल्याच राज्यात आलं, इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबरचं काम, साध्या बाजरीपेक्षा लोह आणि झिंक जास्त. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, त्यातही तीळ न सोललेले काळे-तांबूस. कारळ्याची चटणी, जवस, अळीव, राजगिरा, सुकट, हे सगळं ताटात थोडं थोडं असावं.

हे मी आमवातावरचा उपाय म्हणून सांगत नाहीये. अंगात रक्त राहावं, हाडं राहावीत, पोरीबाळी दमू नयेत म्हणून सांगतोय, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

---

वैद्य_सातारकर

कोरडवाहू साहेबांशी पूर्ण सहमत. आयुर्वेदात आमवाताचं स्वतंत्र निदान माधवनिदान या जुन्या ग्रंथात आहे, आणि तिथे भर आहे तो मंदावलेल्या अग्नीवर आणि न पचलेल्या 'आम'वर. खनिजाची कमतरता असा विचार तिथे नाही. माझी कळकळीची विनंती एवढीच की भस्मं, म्हणजे ताम्र, लोह, नाग वगैरे, इंटरनेटवरून मागवून खाऊ नका. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शास्त्राची बदनामी अशा मालामुळे होते आणि पेशंटचं मूत्रपिंड जातं ते वेगळंच.

तांब्याच्या कड्याबद्दल: इंग्लंडमध्ये यॉर्कच्या संशोधकांनी ७० आरए पेशंटना पाळीपाळीने तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे घालून बघितलं, २०१३ मध्ये आलं ते. वेदना, सूज, कशातच फरक नाही. आईंना आवडत असेल तर दागिना म्हणून घालू द्या.

---

बर्फाळ_उमिओ

उत्तर स्वीडनमधून लिहितोय, उमिओ गावात आठ वर्षं झाली. मिठाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सोडियम पण खनिजच.

२०१३ मध्ये 'नेचर'मध्ये दोन अभ्यास आले की मीठ जास्त झालं तर टीएच-१७ नावाच्या पेशी, ज्या ऑटोइम्यून आजारात पुढे असतात, त्या जास्त तयार होतात, प्रयोगशाळेत आणि उंदरांत. मग आमच्या इथल्या वेस्टरबॉटन परगण्यात लोकांची आहाराची जुनी माहिती होतीच (इथे चाळिशी, पन्नाशी, साठीला सगळ्यांना आरोग्य तपासणीला बोलावतात, मलाही आलंय बोलावणं), तिच्यावरून २०१५ मध्ये बघितलं गेलं. आरएचे ३८६ पेशंट होते. एकूणात मीठ आणि आरए, काही संबंध नाही. पण सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये जास्त मीठ खाणाऱ्यांचा धोका दुपटीहून जास्त. न ओढणाऱ्यांत काहीच नाही.

मला हे वाचून असं वाटलं की मीठ एकटं काही करत नाही, धुराच्या हातात हात घातला की करतं. अर्थात हा एकच अभ्यास आहे.

सिगरेटचा मुद्दा मात्र एका अभ्यासाचा नाही. फुप्फुसात धुरामुळे प्रोटीनचं रूप बदलतं (सिट्रुलिनेशन म्हणतात), ज्यांच्याकडे ठरावीक जीन्स असतात त्यांचं शरीर त्या बदललेल्या प्रोटीनला परकं समजतं आणि अँटी सीसीपी तयार होतात. आरएच्या बाहेरच्या कारणांमध्ये सगळ्यात पक्कं कारण हेच आहे. आणि इथे लोक ओठाखाली तपकिरीची पुडी ठेवतात, त्यांच्यात आरए वाढलेला सापडला नाही, म्हणजे दोष निकोटिनचा कमी आणि धुराचा जास्त असावा.

---

लॅबवाली_रेणू

उमिओवाल्या दादांच्या मुद्द्याला जोडून, आपल्याकडे बायका सिगरेट ओढत नाहीत म्हणून आपण सुटलो असं समजू नये. मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि हिरड्यांच्या आजारातला एक जंतू अगदी तेच सिट्रुलिनेशन करू शकतो, त्यामुळे हिरड्या आणि आरए यावर बरंच काम चालू आहे. मिश्री सोडायला कॅन्सर एवढं एकच कारण भरपूर आहे, पण दात-हिरड्या तपासून घ्याच.

---

पंचगंगेकाठी

आजवर नुसता वाचत होतो, सिगरेटचा विषय निघाला म्हणून लिहितोय, हे कुठंच बोललो नाही आजपर्यंत.

माझे बाबा कोल्हापूरला एका फौंड्रीत २६ वर्षं मोल्डिंगला होते. फौंड्री म्हणजे वाळूचाच धंदा, वाळूचा साचा करायचा, त्यात रस ओतायचा, थंड झाला की साचा फोडायचा. तो फोडताना जी धूळ उडते ती कामगारांच्या पापण्यांवर बसलेली मी बघितलीय, डबा द्यायला जायचो तेव्हा. तोंडाला रुमाल, बाकी काही नाही. मास्क मागितला की उद्यापासून येऊ नको म्हणायचे. बाबांना दिवसाला एक बंडल विडी. ४९ व्या वर्षी दोन्ही मनगटं सुजली, आरए निघाला, अँटी सीसीपी भरमसाट. सगळे म्हणायचे पुरुषाला कसा काय, हा तर बायकांचा आजार, घरात कुणालाच नाही, मग काय खाल्लं. आई वर्षभर स्वतःला दोष देत राहिली की माझ्या स्वयंपाकात काय कमी पडलं.

नंतर एका तरुण डॉक्टरणीने पहिल्यांदा विचारलं, काम काय करता. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली सिलिका. वाळूतला, दगडातला सिलिका बारीक होऊन फुप्फुसात गेला तर आरए होण्याचा धोका वाढतो. मग मी स्वतः वाचत गेलो. १९५३ मध्येच वेल्सच्या कोळसा खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसात गाठी आणि अंगात आरए हे एकत्र दिसतंय असं कॅप्लन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात सिलिकाच्या धुळीत काम केलेल्या पुरुषांचा धोका दुपटीच्या आसपास निघाला, आणि त्यात सिगरेट असेल तर कितीतरी पट.

म्हणजे खनिजाचा या आजाराशी संबंध आहेच की! पक्का आहे. फक्त ते खनिज ताटातून येत नाही, नाकातून येतं. आणि त्याची गोळी कुणी विकू शकत नाही म्हणून त्याबद्दल कुणी सांगतही नाही. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती रडली, म्हणाली एवढे दिवस मला वाटत होतं मीच.

---

कातळखूण

पंचगंगेकाठी, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

मी भूगर्भशास्त्र शिकवते म्हणून एक भर. सगळा दगड सारखा नसतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, बेसाल्टमध्ये, मोकळा सिलिका फार कमी असतो. वालुकाश्म, ग्रॅनाइट, गारगोटी आणि फौंड्रीची वाळू यांच्यात तो भरपूर. म्हणून राजस्थानचे वालुकाश्म फोडणारे, खंबातला अकीक घासणारे, मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कारखान्यातले कामगार यांचे सिलिकोसिसचे (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) हाल इतके भयंकर झाले. काळ्या दगडाची खडीही निरुपद्रवी नाही, धूळ ती धूळच, पण फौंड्रीतल्या वाळूची गोष्ट फार गंभीर. आणि आता स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्‌झ दगड निघालाय तो कापणाऱ्या पोरांकडे बघा, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्‌झ असू शकतो आणि आपल्याकडे तो भर वस्तीत कोरडाच कापतात. पाणी मारून कापा एवढं तरी सांगत जा, घरी काम चालू असेल तेव्हा.

---

गावरान_थाळी

मी सुरुवातीला जे लिहिलं ते घाईत लिहिलं होतं. पंचगंगेकाठी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

---

मोगरी

तीन दिवस लिहिता आलं नाही, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद छापून काढले आणि रविवारी मावशी आली तेव्हा तिच्यासमोर बसून वाचले. ती आधी रागावली, मग ५० मिग्रॅ झिंकवाल्या परिच्छेदाशी गप्प झाली, कारण ती स्वतः आठ महिने तेच खातेय आणि तिच्या पायाला मुंग्या येतात. उद्या तिला घेऊन डॉक्टरकडे जातेय.

माझ्या गोळ्या बंद केल्या. रुमॅटॉलॉजिस्टना दाखवून आले. त्यांनी सांगितलं की दहा मिनिटांचा आखडलेपणा वेगळा आणि तासभर टिकणारा वेगळा, बोटांच्या मुळांशी सूज आली, दोन्ही हातांना सारखं दुखायला लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. आई किंवा भावंडाला असेल तर आपला धोका साधारण तिपटीच्या आसपास, पण मुळात दोनशेत एक असलेल्याचा तिप्पट, म्हणजे शंभरात दोनच्या आत. हे मला चौदा वर्षांत कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं. अँटी सीसीपी, आरए फॅक्टर, सीआरपी दिलंय, रिपोर्ट गुरुवारी.

आणि एक. आईचा आजार आला तेव्हापासून घरात सगळं लक्ष माझ्यावर, कारण मी मुलगी. मला दूध, मला तीळ, मला गोळ्या. दादा ४१ चा आहे, त्याचीही आई तीच, आणि तो रोज दहा-बारा सिगरेटी ओढतो. चौदा वर्षांत त्याला कुणी एका शब्दाने काही म्हणालं नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर तो गॅलरीत गेला, मी मागोमाग गेले, उमिओ आणि पंचगंगेकाठी यांचे प्रतिसाद मोबाईलवर वाचायला दिले. त्याने पूर्ण वाचले. पाकीट खिशात परत ठेवलं आणि म्हणाला, आईच्या हातामुळे मला रोज वाईट वाटतं पण याचा त्याच्याशी संबंध असेल असं कधी वाटलंच नाही गं.

आज सकाळी त्याने विचारलं की त्याचीही रक्त तपासणी गुरुवारच्या आत होईल का. रेणूताई, उपाशीपोटी लागते का ही?

---

लॅबवाली_रेणू

नाही लागत. चहा पिऊन गेला तरी चालेल. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी सिगरेट सोडायचीच आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर निगेटिव्ह बघून परत सुरू होते.

---

पंचगंगेकाठी

मोगरीताई, दादाला म्हणावं सोडताना पहिले काही दिवस फार जड जातात. माझ्या बाबांनी ५० व्या वर्षी विडी सोडली, खिशात फुटाणे ठेवायचे, हात गेला की चार तोंडात टाकायचे. बोलायचं असेल त्याला तर मला व्यक्तिगत निरोप करा, बाबांचा नंबर देतो, ते स्वतः बोलतील.